ॲब्स्ट्रॅक्ट क्विल्ट, टाका आणि बाजूचा उजेड

क्विल्टवर समोरून पांढराफटक उजेड टाकला की टाके दिसेनासे होतात. मग भिंतीवर नुसतं रंगीत कापड टांगल्यासारखं दिसतं आणि लोक लांबूनच बघून पुढे जातात. परवा आमच्या ग्रुपचं प्रदर्शन होतं, तर लावालावीच्या दिवशी मी बराच वेळ फक्त दिव्यांच्याच मागे होते, शिडीवर चढून एकेक स्पॉट वळवून घेतला, इलेक्ट्रिशियन दादा आधी वैतागले पण नंतर तेच म्हणाले, "मॅडम, मगाशी हे रेघारेघांचं काही दिसतच नव्हतं, आता दिसतंय बघा." तर प्रदर्शनानंतर बऱ्याच जणींचे मेसेज आलेत की आम्हालाही करायचंय, कापड कुठलं घेऊ, भिंतीवर लावता कशा, आणि हे ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे नक्की काय करायचं. एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहिते, लांबेल थोडं.

आधी साधी गोष्ट. क्विल्ट म्हणजे थर आणि त्या थरांना एकत्र धरून ठेवणारा टाका. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये बॅटिंग म्हणजे भरावाचा मऊ थर, खाली अस्तर, आणि तिन्हीतून आरपार जाणारा दोरा. आपल्या गोधडीत बॅटिंगच्या जागी जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरतात आणि धावदोरा घालत जातात, बाकी रचना तीच. म्हणजे एका क्विल्टमध्ये दोन चित्रं असतात, एक तुकड्यांचं आणि एक टाक्यांचं. घर, मोर, झाड असं काही दाखवायचं असेल तर पहिल्या चित्रावर भागतं, टाका मागे राहिला तरी चालतं. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये तसं नाही. तिथे ओळखण्यासारखं काही नसतं, त्यामुळे बघणाऱ्याची नजर कुठून कुठे जाणार, कुठे थांबणार, कुठे अडखळणार हे बरंचसं टाकाच ठरवतो. कापड फुगतं, दबतं, सावली पडते, ही सावली हाच माझ्या मते क्विल्टचा खरा रंग. कॅनव्हासवर हे मिळत नाही, आणि म्हणूनच क्विल्टला 'कापडाचं पेंटिंग' म्हणणं मला पटत नाही.

हे पेंटिंग म्हणून बघणं सुरू कुठून झालं ते सांगते, कारण त्याने आमचा फायदाही खूप झालाय. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टिन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या साठेक जुन्या अमेरिकन क्विल्ट मांडल्या गेल्या. पलंगावर नाही, पांढऱ्या भिंतींवर, मॉडर्न पेंटिंग लावतात तशा. निवडताना शिवणीची सफाई वगैरे न बघता नजरेला काय दिसतं एवढंच बघितलं होतं. तोवर आजीच्या ट्रंकेतली वस्तू समजली जाणारी क्विल्ट एकदम कला म्हणून चर्चेत आली, मोठमोठ्या समीक्षकांनी त्यावर लिहिलं. पण दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे करणाऱ्या बायकांची नावं, ती बहुतेक ठिकाणी नव्हतीच, आणि त्यावरून पुढे १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी चांगलं खडसावून लिहिलं की ही बायकांची कला आहे, तिला पुरुष पेंटरांच्या फूटपट्टीने काय मोजता. आणि दुसरी म्हणजे टाका. लांबून बघायचं ठरवल्यावर टाका कोण बघणार?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमिश क्विल्टचं. आमिश हा साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातल्या या बायका साध्या, एकरंगी लोकरी कापडाच्या क्विल्ट करायच्या, मधोमध एक मोठा चौकोन टोकावर उभा केलेला, भोवती रुंद पट्ट्या, वाइन कलर, जांभळा, गडद हिरवा, बस. फोटोत बघितलं तर कुणीही म्हणेल की हा विसाव्या शतकातला एखादा भूमितीवाला पेंटर आहे. पण प्रत्यक्षात त्या सपाट दिसणाऱ्या पट्ट्यांवर गडद दोऱ्याने इतकं बारीक काम असतं, पिसांच्या वेली, गोलाकार माळा, जाळी, की त्या बायकांनी खरा जीव कुठे ओतलाय ते जवळ गेल्याशिवाय आणि उजेड तिरका असल्याशिवाय कळतच नाही. फोटोत हे सगळं गायब.

मग पुढे क्विल्ट करणाऱ्यांनी स्वतःच प्रदर्शनं सुरू केली. ओहायो राज्यात अथेन्स म्हणून गाव आहे, तिथे मनोरुग्णालयाच्या मालकीचा एक जुना गुरांचा गोठा होता, पाडायला निघालेला. गावातल्या लोकांनी तो वाचवला आणि १९७९ मध्ये तिथे नॅन्सी क्रो आणि तिच्या सोबतिणींनी क्विल्ट नॅशनल नावाचं प्रदर्शन भरवलं, फक्त आजच्या, स्वतःच्या डिझाइनच्या क्विल्टचं. ते अजूनही दर दोन वर्षांनी भरतं आणि आर्ट क्विल्टच्या जगात त्याला मोठा मान आहे. त्यांच्या नियमात क्विल्टला निदान दोन वेगळे थर हवेत आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत असं आहे, हे मला फार आवडतं, बाकी काय वाट्टेल ते करा पण रचना सोडू नका. नॅन्सी क्रोचं काम नेटवर नक्की बघा. ती पट्टी न लावता, हातानेच रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याची सुरी) फिरवून रेषा कापते, त्यामुळे त्या रेषेत हाताचा कंप राहतो.

आणि गीज बेंड. अमेरिकेतल्या अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात हे गाव आहे, कापसाच्या मळ्यांवरच्या गुलामांचे वंशज तिथे राहतात, बऱ्याच जणांचं आडनाव पेटवे, जे तिथल्या एका मळेमालकाचं होतं. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या कपड्यांच्या क्विल्ट करत आल्यात, डेनिमच्या विजारी, ओव्हरऑल, खताच्या पिशव्या, मिळेल ते. मिझूरी पेटवे हिने १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची एक क्विल्ट केली, तो आठवावा आणि त्याच्या मायेत झोपावं म्हणून. निळ्या-करड्या, उन्हाने विटलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्या आहेत, दुसरं काही नाही, आणि ती बघताना मला बोलायला सुचत नाही. या क्विल्टांमध्ये काही ठिकाणी खिसा उसवून काढलेला असतो, तिथला चौकोन बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिलेला असतो कारण तिथे ऊन पोचलेलंच नाही. असा चौकोन मुद्दाम रंगवून आणता येणार नाही. २००२ मध्ये या क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आणि नंतर व्हिटनीमध्येच लागल्या, आणि यावेळी प्रत्येकीच्या नावानिशी. २००६ मध्ये तर अमेरिकेच्या पोस्टाने त्यावर तिकिटं काढली.

आता जरा जवळ येऊ, कारण माझ्या कामावर सगळ्यात जास्त परिणाम अमेरिकेचा नाही, कवंडचा झालाय, म्हणजे सिद्दी बायकांच्या गोधडीचा. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो, मूळ आफ्रिकेतला, त्यांच्यातले बरेच जण गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून या जंगलांत आले असं सांगतात. त्यांच्या बायका जुन्या साडीचं अस्तर घेऊन कोपऱ्यापासून सुरुवात करतात, एक चिंधी ठेवायची, कड आत दुमडायची, धावदोरा घालायचा, त्याला लागून दुसरी, असं कडेकडेने पूर्ण फेरी मारून मग आत, आणखी आत, मध्यापर्यंत. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण, त्याला फुला म्हणतात, ते नसतील तर कवंड पूर्ण मानत नाहीत. यात आधी डिझाइन जोडा आणि मग टाके घाला असे दोन टप्पेच नाहीत, तुकडा आणि टाका एकाच वेळी पडतो. क्विल्टिंगच्या क्लासमध्ये शिकवतात की नेहमी मधून सुरू करून कडेला जा, नाहीतर मध्ये कापडाचा फुगा अडकेल. कवंडमध्ये फुगा अडकत नाही कारण वरचं कापड आधीपासून अख्खं पसरलेलं नसतंच, जिथवर सुई गेली तिथवरच ते असतं. हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. टाक्यांच्या त्या चौकोनी फेऱ्या एकात एक उतरत जातात आणि रंग कसेही आले तरी सगळं एका लयीत बांधलं जातं.

आपल्याकडच्या गोधडीतही हे आहे की. सातारा-सांगलीकडच्या जुन्या गोधड्या, वाकळी आठवा, बाहेरून आत जाणारे दोरे, मध्ये एखादा चौकोन, इरकलीचा काठ तसाच उभा लावलेला, खणाचा एक तुकडा कुठेतरी कोपऱ्यात. कुणी कधी विचारलं नाही की बाई ह्यात दाखवलंय काय. अंगावर घेताना प्रश्न पडत नाही, भिंतीवर लावली की पडतो. चित्रकार वा. सु. गायतोंड्यांच्या चित्रांसमोर उभं राहूनही लोक हेच विचारतात, आणि ते तर स्वतःच्या कामाला नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे त्यात वस्तू शोधूच नका. मी प्रदर्शनात एवढंच सांगते की आधी जवळ या आणि एक रेघ धरून तिच्या मागे जा.

बरं, आता मी करते कसं. एका भिंतीवर थर्माकोलच्या शीट लावून वर पांढरं फ्लॅनेल ताणलंय, त्यावर सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटतात. कापड म्हणजे जुनी धोतरं, मांजरपाट, खादी, आणि इरकल किंवा नारायणपेठच्या फाटक्या साड्या, ज्यांचे काठ अजून धड असतात. नवीन प्रिंटेड कॉटन मी जवळजवळ वापरत नाही, प्रिंटवर टाका दिसत नाही हे एक आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडात सुई कशी सरकते ते एकदा बघितलं की नवीन नको वाटतं. तुकडे कापून लावायचे, लांब जायचं, मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. हे फार उपयोगी पडतं, कारण रंग फसवतात, लाल आणि हिरवा शेजारी शेजारी ठेवले की आपल्याला वाटतं केवढा फरक आहे, आणि काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच करडे निघतात. गडद-फिकं जमलं नसेल तर कितीही रंग घाला, लांबून सगळा गोळा दिसतो.

आत्ताची माझी आवडती क्विल्ट सांगते म्हणजे टाक्यांचं नीट कळेल. साधारण पाच फूट उंच, सगळी धोतराच्या आणि मांजरपाटाच्या पांढऱ्यांची. पांढरे किती तऱ्हेचे असतात ते मांडून बघितल्याशिवाय कळत नाही, नीळ दिलेला, पिवळसर, दुधाळ, राखेकडे झुकणारा. उजवीकडे एकच बोटभर रुंदीची लाल पट्टी, जुन्या इरकलीच्या काठातली, खालपर्यंत न जाता मध्येच थांबणारी. तुकड्यांचं चित्र एवढंच. टाक्यांचं असं की डाव्या भागात मशीनवर उभ्या रेघा आहेत, दोन रेघांत तीनेक मिलिमीटर अंतर, वॉकिंग फूट (सगळे थर सारखे पुढे ओढणारा मशीनचा पाय) लावून सावकाश घातलेल्या, तिथे कापड दबून जवळजवळ पुठ्ठ्यासारखं ताठ झालंय. उजव्या भागात जाड सुती दोऱ्याने हाताचे मोठे टाके, बोटभर अंतरावर, तिथे कापड मऊ, फुगीर. आणि मशीनच्या रेघा लाल पट्टीजवळ येता येता विरळ होत जातात. संध्याकाळी खिडकीतून ऊन आडवं आलं की डावी बाजू सपाट करडी दिसते आणि उजवीकडे प्रत्येक टाक्याशेजारी एक खळगा आणि त्यात सावली. रंग तोच आहे, पांढरा, पण दोन वेगळी कापडं वाटतात.

यात एक तांत्रिक गोष्ट सांभाळावी लागते. दाट टाके घातले की कापड आक्रसतं, विरळ भाग तसाच राहतो, म्हणजे एक बाजू आखूड आणि एक लांब, भिंतीवर लावली की झालर पडणार. म्हणून सुरुवातीलाच दाट टाक्यांचा भाग थोडा मोठा कापायचा, आणि सगळं झाल्यावर क्विल्ट ओली करून जमिनीवर चादरीवर पसरायची, टेपने चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे, टाचण्या मारून ताणायची आणि पंखा लावून पूर्ण वाळू द्यायची. कडा वाळल्यावरच सरळ कापायच्या, मग मगजी, म्हणजे कडेला दुमडून शिवायची पट्टी. आणि बाहेरच्या कडेला उरेब (विणीला तिरपे) कापलेले तुकडे शक्यतो येऊ देऊ नका, ते टांगल्यावर हळूहळू लोंबतात.

प्रदर्शनासाठी मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडाची नळी शिवायची, चार इंच रुंद. ती सपाट शिवायची नाही, थोडी सैल ठेवायची, म्हणजे आत घातलेल्या पट्टीची जाडी मागे जाते आणि पुढे आडवा फुगवटा येत नाही. पट्टी लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची, गोल रॉड नको. लाकूड असेल तर वार्निश लावून किंवा कापड गुंडाळून, नुसत्या लाकडाचे डाग उतरतात. उजेड भिंतीला शक्य तितका लागून, वरून किंवा बाजूने तिरका, आणि कमी. म्युझियममध्ये कापडासाठी उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतो आणि तो परत येत नाही. कमी उजेडात टाके दिसतील का अशी शंका येते, पण उजेड तिरका असला की कमी असूनही दिसतात, समोरून असला की कितीही असला तरी नाही दिसत.

हात लावू नका ही पाटी लावावी लागते, पण मला ती एकटी लावायला आवडत नाही. क्विल्ट बघून हात पुढे जाणं अगदी साहजिक आहे. म्हणून मी प्रत्येक मोठ्या क्विल्टशेजारी त्याच कापडाचा, त्याच टाक्यांचा वीतभर नमुना दोरीला टांगते, तो चुरगळा, उलटा करून बघा, काय हवं ते करा. या वेळी एक आजी आल्या होत्या सुनेबरोबर, कराडकडच्या. त्यांनी मोठ्या क्विल्टकडे बघितलंसुद्धा नाही आधी, नमुना हातात घेतला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "आगं पोरी, गाठ कुटं हाय हिची?" मी म्हटलं, आजी, गाठ मधल्या थरात ओढून घेतलीय, सुई एका बाजूने घालून हलका झटका दिला की गाठ आत जाते आणि दोरा बाहेर दिसत नाही. त्यांनी नखाने चाचपून ती गाठ शोधली, सापडली तेव्हा सुनेला पण शोधायला लावली. मग मोठ्या क्विल्टसमोर जाऊन डावीकडच्या रेघा वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या आणि विचारलं की हे मशीनवर केलंस ते समजलं, पण इकडं येताना इरळ का केलंस. संपूर्ण प्रदर्शनात त्या क्विल्टबद्दल विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो, त्या म्हणाल्या की त्या पण काठ आला की दोरे लांब घ्यायच्या, काठ जाड असतो, तिथं दाट घातलं तर गोधडी टोचते.

लेबलबद्दल माझं ठाम मत आहे. कापड कुठलं, दोरा कुठला, आणि शिवलं कुणी हे लिहायचंच. कुणी डिझाइन स्वतः करून टाके दुसऱ्या बाईकडून पैसे देऊन घालून घेत असेल तर काही हरकत नाही, पण मग तिचं नाव लेबलवर आणि क्विल्टच्या मागेही हवं, न पुसणाऱ्या शाईने किंवा भरून. १९७१ ला जे राहिलं ते आज राहायचं काही कारण नाही.

किमतीचं विचारलंय तर, कापडाचा खर्च अधिक मजुरी असा हिशोब करू नका, त्याने तुम्ही चादरीच्या स्टॉलवर जाऊन बसता. मला एका गॅलरीने खरंच सांगितलं होतं की तुमचं काम छान आहे पण दिवाळीच्या क्राफ्ट बाजारात ठेवा, इथे आम्ही फक्त आर्ट लावतो. मी ठेवलं नाही. पेंटिंग करणारे आकारावर, अनुभवावर किंमत ठरवतात, तसंच करा, आणि विकली नाही तर घरी आणा.

सुरुवात करणाऱ्यांनी दोन फूट बाय दोन फुटाची करा, फक्त दोन-तीन रंगांची, आणि निम्मी दाट, निम्मी विरळ टाक्यांची. मग ती खिडकीशेजारच्या भिंतीवर लावून दिवसभर येताजाता बघा. सकाळी आणि संध्याकाळी ती वेगवेगळी दिसली तर तुम्हाला पुढचं आपोआप सुचेल.

ठेवण्याबद्दल पण दोघीतिघींनी विचारलंय. घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर जुनं सुती कापड गुंडाळून त्यावर क्विल्ट गुंडाळायची, पुढची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे वरच्या थराला सुरकुत्या पडत नाहीत. वर मांजरपाटाची खोळ, प्लास्टिक अजिबात नाही, पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशी येते. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पिशवीत घालून ठेवते मी कसर लागू नये म्हणून, पाला क्विल्टला टेकू द्यायचा नाही, डाग पडतात. पाऊस संपला की सगळ्या बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा, उन्हात नाही, आणि परत गुंडाळताना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची.